किंमत : अंदाजे

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला तो गुजराती, हिंदी आणि इंग्रजी यांची भेळ करून, बडोद्यात येतात तसाच. २५ डिसेंबरला संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये ख्रिसमस पार्टी. थीम विंटर वंडरलँड. कपडे लाल किंवा पांढरे. केक एगलेस. सूर्यास्ताआधी जेवणारी घरं बरीच, म्हणून खाण्याचं टेबल साडेपाचच्या आतच मांडणार. सिक्रेट सांतासाठी घरटी एक भेट, शक्यतो घरी केलेली, दीडशे रुपयांच्या आत. भेटीवर देणाऱ्याचं नाव नको. किंमत मात्र लिहावी. वस्तू घरी केलेली असेल तर अंदाजे किंमत.

ती शेवटची ओळ मला डाचली.

नियम करणारे खजिनदारकाका भले गृहस्थ आहेत आणि नियमाला कारणही होतं. आदल्या वर्षी एका घराला काचेच्या कपांचा सेट मिळाला आणि दुसऱ्या घराला किल्लीला अडकवायचं प्लॅस्टिकचं बदक. बदकवाल्या बाई पुढे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये फक्त मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहायच्या. तेव्हा सगळं उघड असावं हे काकांचं म्हणणं मला पटलंच होतं. शिवाय माझा जन्म बँकेत गेला. फॉर्मवरचा रकाना रिकामा सोडायचा म्हटलं की हात अडतो. पण ओट्यावर गार होत ठेवलेली पेरूच्या जेलीची बाटली, शेजारी चिकटवायचा कागद, हातात पेन, आणि आकडा काही सुचेना. पेरू खंडेराव मार्केटमधले, त्यांचा भाव माहीत होता. साखर आणि लिंबं, तेही ठीक. गॅस किती जळला? बाटली कॉफीची, म्हणजे फुकट; पण फुकट कशी, कॉफी तर विकतच आणली होती. आणि माझी दुपार? तिला कोणता दर लावायचा, पोळ्यांच्या बाईंचा की बँकेतल्या माझ्या शेवटच्या पगाराचा? लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, शंभर लिही आणि मोकळी हो." लेक बंगळूरला असते. तिचे बहुतेक प्रश्न असेच सुटतात.

जेली मुळात माझ्या आईची. आई दांडिया बाजारात वाढलेली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला होम सायन्सला गेलेली. बडोद्याचं विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. एक बाई विद्यापीठ चालवते याचा अभिमान आईच्या पिढीच्या मुलींना शेवटपर्यंत होता. वाड्यातल्या बायकांना मात्र स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला लागतं हे कोडं सुटायचं नाही. आई त्यांच्याशी वाद घालायची नाही. ती फक्त डिसेंबरात पेरू आणायची, आणि मग त्याच बायका ओळीने दारात उभ्या राहायच्या. तिच्या वहीत जेलीला दोन पानं होती. पेरू पूर्ण पिकलेला नको, नुकता रंग बदलू लागलेला हवा, कारण जेली धरणारं पेक्टिन तेव्हा त्यात भरपूर असतं. फोडी करून बुडतील एवढ्याच पाण्यात मऊ शिजवायच्या, आणि पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी रात्रभर टांगून ठेवायची. खाली थेंब थेंब रस पडतो. इथे माणसाची परीक्षा असते, कारण पुरचुंडी पिळायची नाही. पिळली की रस गढूळ, आणि गढूळ रसाची जेली गढूळच. प्रयोगशाळेत त्या रसात स्पिरिट घालून बघत. त्याची एकसंध गुठळी झाली तर पेक्टिन चांगलं. घरी स्पिरिट कुठलं? घरी दर वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून सरळ उकळायला ठेवायचं.

त्या उकळण्याचा वास मला अजून कुठल्याही अत्तराच्या आधी ओळखू येतो. सुरुवातीला रस पाणचट पिवळा असतो, वर पांढरा फेस, तो चमच्याने काढत राहायचा. मग फेस कमी होतो, बुडबुडे जड होतात, फुटतानाचा आवाज बदलतो, आणि बघता बघता पिवळ्याचं तांबूस होतं. आई चमचा तिरपा धरून बघायची. थेंब सुटे पडत असतील तर थांबायचं. दोन थेंब चमच्याच्या कडेला एकत्र येऊन पापुद्र्यासारखे घसरले की गॅस बंद. अर्धं मिनिट उशीर झाला तर बाटलीत जेलीऐवजी काकवी. अशा वेळी ती कुणालाच बोलू द्यायची नाही. दारावरची बेल वाजली तरी वाजत राहायची.

आता फतेहगंजच्या आंटी. बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात होते आणि आंटींचे यजमान त्यांच्याच सेक्शनला. माणसं गोव्याची, बदली होऊन बडोद्याला आलेली ती इथलीच झालेली. आंटी सगळ्यांना एकजात 'तू' म्हणायच्या, माझ्या आजीलासुद्धा, आणि आजीला ते आवडायचं. एका डिसेंबरात त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आई जेलीच्या पुरचुंडीतला चोथा टाकायला निघाली होती. आंटींनी तिचा हातच धरला. "वहिनी, अर्धा पेरू तू टाकतेस!" पदवीधर बाईला तिच्याच स्वयंपाकघरात असं म्हणायचं म्हणजे धाडस. आई काही बोलली नाही. आंटींनी तो चोथा गाळणीवर घासून बिया वेगळ्या काढल्या, जवळजवळ तेवढीच साखर घातली आणि जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत बसल्या. हे प्रकरण जेलीसारखं सभ्य नाही. ते उडतं. रटरटत उडणारा गर मनगटावर बसला की फोड येतो, म्हणून त्या यजमानांचा लांब बाह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवायच्या. ढवळत राहायचं, गोळा कडा सोडेपर्यंत. मग जरासं लोणी, लिंबू, आणि तूप लावलेल्या ताटात थापून वड्या. त्यांच्याकडे त्याला पेराद म्हणतात. आमच्या घरी ती 'आंटींची वडी' झाली. आईच्या वहीत जेलीच्या दोन पानांनंतर तिसऱ्या पानावर, वेगळ्या शाईत, तिची कृती आहे. वर मथळा नाही.

त्यानंतर एका पेरूचे दोन भाग ठरून गेले. रस आमच्याकडे, गर त्यांच्याकडे. २४ तारखेच्या आत एक डबा फतेहगंजला जायचा आणि दुसरा तिथून दांडिया बाजारात यायचा. त्यांच्या डब्यात वड्या, नेवऱ्या म्हणजे जवळपास आपल्या करंज्याच, काळ्या गुळाचा आणि नारळाच्या दुधाचा तुळतुळीत दोदोल, आणि सगळ्यात वर कुलकुल. कुलकुल वळायला आम्हा मुलांना बोलावणं असायचं. दोन वाट्या मैदा, मूठभर बारीक रवा, चमचा दोन चमचे लोणी, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आणि मावेल तेवढ्या नारळाच्या दुधात घट्ट मळलेला गोळा. तासभर झाकून ठेवायचा. मग सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकापासून गुंडाळत आणायची, की वर रेघा उठलेली एक चिमुकली शिंपली तयार. काटे पुरायचे नाहीत. मग मंगळ बाजारातून कोरे कंगवे यायचे, ते उकळत्या पाण्यातून काढायचे आणि त्यांच्या दातांवर काम सुरू. मंद आचेवर तळायचे, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्चे. हे काम एकट्याने करण्याचं नाहीच. चकल्या एकटीने होतात, शंकरपाळे एकटीने होतात, पण कुलकुल एकटीने वळायला बसलं तर पहिल्या ताटलीनंतर आयुष्याविषयी वाईट विचार येऊ लागतात.

केकची गोष्ट वेगळी. गुजरात राज्य १९६० मध्ये झालं आणि मुंबई राज्यातली दारूबंदी त्याच्याबरोबर आली. आंटींच्या माहेरी सुकामेवा महिनाभर रममध्ये भिजायचा. इथे तो संत्र्याच्या रसात, दालचिनी-लवंग घालून. दरवर्षी बरणीचं झाकण लावताना त्या कोकणीत काहीतरी पुटपुटायच्या. अर्थ कळत नव्हता, सूर कळायचा. काळा रंग मात्र अस्सल: साखर कोरड्या कढईत जाळायची, धूर निघायच्या बेतात आली की लांबून गरम पाणी ओतायचं आणि उडी मारून मागे सरायचं. टूटीफ्रूटीही घरची, कच्च्या पपईचे चौकोनी तुकडे शिजवून, पाकात मुरवून, रंगवून वाळवलेले. मी मोठेपणी गोव्यात रमवाला केक खाल्ला तेव्हा मला तो बिघडलेला वाटला. आपल्या जिभेला जे पहिलं लागतं तेच मूळ, बाकी सगळी नक्कल.

आणि गोठा. आंटींच्या हॉलच्या कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा असायचा. असा देखावा मांडायची पद्धत संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये पाडली असं म्हणतात. आंटींचा देखावा रेल्वेच्या खोक्यांचा आणि तागाच्या पोत्याचा होता. हिरवळीसाठी त्या डिसेंबरच्या मध्यावर थाळीत गहू पेरायच्या. आम्ही दिवाळीत किल्ल्यावर अळीव पेरणारी मुलं, त्यामुळे ते काम आम्हाला शिकवावं लागलं नाही. मेंढपाळ कमी पडले तेव्हा माझ्या भावाने किल्ल्यावरचे मावळे आणून दिले. कित्येक वर्षं फतेहगंजच्या त्या गोठ्यात बाळ येशूच्या राखणीला दोन मावळे, एक भालदार आणि तुटक्या सोंडेचा हत्ती उभा होता. पाद्री घरी आले तेव्हा त्यांनी हत्तीविषयी विचारलं. आंटी म्हणाल्या, "पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले ना, ते चालत कशाला येतील?" पाद्रींनी पुढे काही विचारलं नाही.

डबे परत कसे जायचे तेही सांगते, कारण माझ्या मनात घोळत होतं ते तिथेच कुठेतरी. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे आपल्याला कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. काही नसेल तर साखर घालायची, तीही नसेल तर तांदूळ. आंटींचा डबा आमच्याकडून संक्रांतीच्या सुमाराला तिळगुळाच्या वड्या घेऊन जायचा, मग तो त्यांच्याकडे राहायचा आणि ईस्टरला आणखी कशाने तरी भरून यायचा. कोणी कोणाला किती दिलं हे आई आणि आंटी दोघींनाही सांगता आलं नसतं. शिवाय डब्यावर नाव असायचं. भांड्यांच्या दुकानात मशिनने कोरून घेतलेलं, तारखेसकट, झाकणावर वेगळं आणि बुडाला वेगळं. आमच्या मांडणीत आजही अशी भांडी आहेत ज्यांच्यावर दुसऱ्याच घराचं नाव आहे. बहुधा आमच्या नावाचे डबे त्यांच्या मांडणीत असतील. सिक्रेट सांता या कल्पनेत नाव लपवण्यावर सगळी मदार. आमच्याकडे पातेलंसुद्धा स्वतःची ओळख सांगायचं.

अर्थात नाव लपवण्यातही मोठेपणा असू शकतो. सांताचा मूळपुरुष म्हणजे चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. त्याची जी आख्यायिका सांगतात ती हुंड्याची आहे. तीन मुली, बाप कंगाल, लग्नं अडलेली. निकोलसने रात्री अंधारात त्यांच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. नाव सांगितलं असतं तर बापाला जन्मभर मान खाली घालावी लागली असती. ते गुप्तदान खरं. पण ते सोनं होतं. सोन्यावर कुणाच्या हाताची खूण नसते. तीन ज्ञानी लोकांनी आणलेलं सोनं, ऊद आणि गंधरस, तेही विकतचंच असणार. जेलीचं तसं नाही. ती चाखली की निदान आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही कळणार की ही पाचव्या मजल्यावरची.

मग मला खरं काय डाचलं, किंमत की नाव नको म्हणणं? हा प्रश्न मी दोन-तीन दिवस उगाच चघळत होते. किंमत म्हणावी तर त्यालाही घरातलंच उत्तर होतं. साठच्या दशकात इथल्या फाइन आर्ट्समध्ये फेअर भरायला लागला. शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः वस्तू करायचे आणि विकायचे; के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार लाकडाचे ठोकळे, चामड्याचे तुकडे, मणी जोडून खेळणी करायचा. आई-बाबा हौसेने जायचे. तिथून आणलेलं एक लाकडी पाखरू आमच्या रेडिओवर वर्षानुवर्षं बसलेलं होतं. कुणी केलं, माहीत नाही. खाली पेन्सिलीने आकडा लिहिलेला, तो पुसट झाला तरी आईने खोडला नाही. म्हणजे हाताने केलेली, किंमत लिहिलेली, नाव नसलेली वस्तू आम्ही जपलीच की. फरक एवढाच की त्या पाखराचे पैसे दिले आणि व्यवहार तिथे संपला. दोन्ही पक्ष मोकळे. पार्टीतल्या भेटीत पैसेही द्यायचे नाहीत आणि डबा परत करायला पत्ताही नाही. ती वस्तू मधल्या मध्ये लोंबकळत राहते. किंमत लिहायला सांगणारे काका खरं तर तिला कुठेतरी टेकवायचा प्रयत्न करत होते, हे मला जरा उशिराच लक्षात आलं.

थीमबद्दल मात्र मी शेवटपर्यंत कुरकुरले. बडोद्यात डिसेंबरची दुपार २८ अंशांची, आणि क्लब हाऊसमध्ये कापसाचा बर्फ. कापूस गादीवाल्याकडून किलोवर आणलेला. कुंडीतलं झाड 'ख्रिसमस ट्री' म्हणून नर्सरीतून आलं, ते खरं तर आरोकेरिया. त्याच्या कुळाचं घर दक्षिण पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियासारख्या बेटांवर, जिथे डिसेंबरात भर उन्हाळा असतो. म्हणजे त्या झाडाच्या सात पिढ्यांनी बर्फ पाहिलेला नाही आणि आम्ही त्याला कापसात गुदमरवत होतो. मी कमिटीत सुचवलं की बर्फाऐवजी ताऱ्यांची थीम घ्या. गेंडीगेटच्या बाजूला या दिवसांत उत्तरायणाची तयारी सुरू झालेली असते, पतंगाचा कागद आणि बांबूच्या कामट्या हव्या तेवढ्या. पाच कामट्या एकमेकींवर टाकून एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी; दोन्हींची टोकं एकत्र बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्यांचे टेकू द्यायचे, म्हणजे चांदणीला पोट येतं. मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद लावायचा, आत एलईडीचा छोटा दिवा. ज्याने आकाशकंदील केला आहे त्याला अर्ध्या तासाचं काम. कमिटीने ऐकून घेतलं आणि ठरवलं की बर्फ राहीलच, तारेही करू. त्यामुळे शेवटी बर्फावर उन्हाळी झाड, वर पतंगाच्या कागदाचे अकरा तारे, आणि त्यांतल्या दोघांना पाचऐवजी सहा टोकं, कारण ते दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांनी केले होते. पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत तो कापूस उपटून एकमेकांच्या शर्टात कोंबला. बघताना मला इतकं हसू आलं की कुरकुर कुठे गेली ते कळलं नाही. बर्फ न पाहिलेल्या मुलांनी बर्फाचं नेमकं जे करायचं असतं तेच केलं.

केक माझ्याकडे होता. अंड्याशिवाय केक म्हणजे तडजोड असं पुण्याच्या माझ्या वन्संना वाटतं. मला वाटत नाही, पण त्याची शिस्त निराळी आहे. अंडं केकला धरून ठेवतं, हवा आत कोंडतं. दही आणि सोड्याचा केक त्या दोघांच्या भांडणावर फुगतो, आणि भांडण लगेच सुरू होतं, म्हणून मिश्रण झालं की एक मिनिट रेंगाळायचं नाही. वाटीभर दही आणि पाऊण वाटी साखर फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा, आणि पाच मिनिटं बाजूला. फेसाने वर येतं. मग अर्धी वाटी तेल, व्हॅनिला, आणि दीड वाटी मैदा थोडा थोडा. दालचिनी, संत्र्याची किसलेली साल, पिठात घोळवलेले मनुका-काजू. पिठात घोळवायचे कारण नाहीतर सगळे बुडाशी जाऊन बसतात. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड कढईत मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवावी आणि मंद आचेवर पाऊण तास द्यावा. आईचा पहिला केक असाच झाला, वाळू घातलेल्या कढईत, आणि त्याला वाळूचा वास येतो असं आजी मरेपर्यंत म्हणत होती. जळक्या साखरेचं पाणी घालायचं तर दही तेवढं कमी. मी घातलं. आंटींचा काळा रंग आल्याशिवाय मला नाताळ आल्यासारखं वाटत नाही.

किंमत अखेरीस मी लिहिली. बँकेच्या शिस्तीत: सामान तेवढं धरलं, गॅसचे दहा, बाटली शून्य, दुपार शून्य. साठ रुपये.

बाटली निघाली तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींना. त्यांनी पतंगाचा कागद सोडला, उजेडाकडे धरून बघितलं, तिथेच बोट बुडवून चाखलं आणि सरळ माझ्याकडे आल्या. गुपित टिकलं ते एवढंच. "आन्टी, आ तमे बनाव्युं ने?" मी मान हलवली. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, साठ, आणि डोळे चमकले. "तो पांच बॉटल लखी लो. मारा भाईने त्यां पण मोकलवी छे." पाच बाटल्या लिहून घ्या, भावाकडेही पाठवायच्यात. मला एकाच वेळी अतिशय आनंद झाला आणि अतिशय राग आला. आनंद कारण कौतुक रोकड्या शब्दांत आलं होतं. इथे माणूस उगाच छान म्हणत नाही, ऑर्डर देतो. राग कशाचा ते सांगता येईना. मी म्हटलं, "विकायला नाही करत मी. या एकदा दुपारी, शिकवते." त्या मनापासून हसल्या. "टाइम क्यां छे, आन्टी?" खरंच नाही त्यांना. दुकान, दोन मुलं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. शिकायला रिकामी दुपार लागते, ती आईकडे होती, आज माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. त्यांच्याकडे पैसे आहेत आणि ते त्या प्रामाणिकपणे पुढे करत होत्या. खजिनदारकाका शेजारीच उभे होते. ते म्हणाले की मी भाव कमी लावला आहे, दुप्पट घ्यायला हरकत नाही. पलीकडे सांता झालेले चौथ्या मजल्यावरचे आजोबा दाढी वर करून भजी खात होते, आणि मला मिळालेल्या पुडक्यात कुणीतरी क्रोशाने विणलेला, मोबाईल ठेवायचा, जरा वाकडा बटवा निघाला होता. किंमत: अंदाजे ऐंशी. दोरा ओळखीचा होता. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या शालीतलाच.

आंटी आता नाहीत. त्यांची मुलगी मडगावला असते, माझ्याहून थोडी लहान. नाताळचा फोन आम्ही दोघी चुकवत नाही. यंदा मी मुद्दाम केकबद्दल विचारलं: संत्र्याच्या रसात आंटी मेवा नक्की किती दिवस ठेवायच्या? तिला आठवेना. ती केक बेकरीतून आणते, नेवऱ्या एका बाईंना सांगून करून घेते, आणि हे सांगताना तिच्या आवाजात अपराधी वगैरे काही नव्हतं. पेराद? तीही तयार मिळते, चांगली असते. "पण तुझ्या आईची ती लाल जेली कुठे मिळत नाही हां," ती म्हणाली. "सांग बघू. लिहून घेते." मी वही काढून सांगायला लागले. पेरू नुकता रंग बदललेला. फडकं रात्रभर टांगायचं, पिळायचं नाही. वाटीला पाऊण वाटी साखर.

"आणि लिंबू साखरेबरोबर," ती म्हणाली.

"नाही. लिंबू शेवटी."

"काहीतरीच. मी तुझ्या आईला बघितलंय घालताना. साखर आणि लिंबू, एकदमच."

"वहीत शेवटी लिहिलंय."

"वहीत काही का असेना, मी समोर बसले होते."

मी म्हटलं, मग दोन्ही करून बघ. निम्म्या रसात आधी घाल, निम्म्यात नंतर. ती म्हणाली, एवढे पेरू आणायला तिला मापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत जावं लागेल, आणि चोथा निघेल त्याचं काय करायचं ते तिला माहीत आहे, ते मी सांगायची गरज नाही.